डब्लिनमधील नोकरी, सोबत फ्रीलान्स कामे आणि मुलुंडच्या घराचे भाडे: आयरिश प्राप्तिकराचा मेळ कसा घालावा?

मुलुंडचे_बाबा यांचा प्रश्न:

नमस्कार. माझी मुलगी डब्लिनमध्ये एका कंपनीत नोकरीला आहे. तिचा कर पगारातूनच कापला जातो, त्यामुळे आजवर त्या बाबतीत आम्हाला कोणालाच काही पाहावे लागले नाही. मात्र जानेवारी २०२५ पासून ती शनिवार-रविवारी स्वतंत्रपणे कामे घेऊ लागली आहे: मुंबईतील एका प्रकाशन संस्थेसाठी मुलांच्या पुस्तकांतील चित्रे, आणि डब्लिनमधील काही छोट्या व्यावसायिकांसाठी वेबसाइटची रचना. प्रकाशन संस्था १० टक्के टीडीएस कापून पैसे तिच्या मुलुंडच्या जुन्या बचत खात्यात जमा करते. मुलुंड पूर्वेला तिच्या नावावर असलेल्या फ्लॅटचे भाडेही त्याच खात्यात येते आणि सोसायटीचा मेंटेनन्स मी त्यातूनच भरतो.

मी बँकेतून निवृत्त झालो असल्याने पॅन, सव्वीस एएस (कापलेल्या कराचा तक्ता) आणि जुलैअखेरची धावपळ माझ्या अंगवळणी पडली आहे. तिकडच्या पद्धतीचा मात्र मला गंध नाही. पगारावर कर कापला जात असताना तिला वेगळे विवरणपत्र भरावे लागेल का? मुंबईचे पैसे मुंबईतच राहतात, तेव्हा ते आयर्लंडमध्ये दाखवायचे कारण नाही, असे तिचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? आणि तिने कराकरिता साधारण किती रक्कम बाजूला ठेवावी?

लिफीकाठचा_गिरगावकर यांचे उत्तर:

काका, कराच्या आधी एक गोष्ट विचारतो, कारण ती चुकली तर पुढचे सगळे हिशेब गौण ठरतील. मुलीच्या आयरिश रेसिडेन्स परमिटच्या कार्डावर कोणता स्टॅम्प, म्हणजे वास्तव्याच्या परवानगीचा कोणता प्रकार, आहे? नोकरीच्या परवान्यावर मिळणाऱ्या स्टॅम्प १ वर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही, विद्यार्थ्यांच्या स्टॅम्प २ वर येत नाही, आणि पदवीनंतरच्या स्टॅम्प १जी वरही येत नाही. स्टॅम्प ४ असेल तर ती मुभा आहे. आपल्याकडची पुष्कळ मुले ‘रविवारचे काम कोण पाहतो’ असे म्हणून बिले देत राहतात, आणि तो धोका करापेक्षा कितीतरी मोठा असतो.

स्टॅम्प ४ आहे असे धरून पुढचे लिहितो. आयर्लंडचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असे असते. २००२ पासून तसे झाले, त्याआधी ते एप्रिलमध्ये सुरू होत असे. पगाराबाहेरचे निव्वळ करपात्र उत्पन्न वर्षाला ५,००० युरोंच्या आत असेल, आणि खर्च वजा करण्यापूर्वीची एकूण रक्कम ३०,००० युरोंच्या आत असेल, तर तिकडच्या महसूल खात्याच्या ‘माय अकाउंट’ या ऑनलाइन सेवेवरून फॉर्म १२ हे साधे विवरणपत्र भरून काम भागते. यातील एकही मर्यादा ओलांडली की ती स्वतः करनिर्धारण करणाऱ्यांच्या वर्गात जाते: प्राप्तिकरासाठी वेगळी नोंदणी, मग ‘रॉस’ या ऑनलाइन सेवेवर फॉर्म ११, आणि मुदत पुढील वर्षाची ३१ ऑक्टोबर. विवरणपत्र व पैसे दोन्ही रॉसवरूनच भरणाऱ्यांना नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सवलत मिळते. मुदत चुकल्यास दोन महिन्यांपर्यंतच्या विलंबाला कराच्या ५ टक्के आणि त्यानंतर १० टक्के अधिभार लागतो. उशिरा भरलेल्या पैशांवरचे दैनंदिन व्याज वेगळे.

रकमेचा अंदाज यावा म्हणून उदाहरण घेऊ. एकट्या व्यक्तीला २०२५ मध्ये ४४,००० युरोंपर्यंत २० टक्के आणि त्यावर ४० टक्के दर आहे. पगार ५०,००० आणि खर्च वजा जाता फ्रीलान्स उत्पन्न १६,००० युरो असेल, तर पगारानेच २० टक्क्यांचा टप्पा संपवलेला असल्याने त्या १६,००० मधील प्रत्येक युरोवर ४० टक्के, म्हणजे ६,४०० युरो प्राप्तिकर होतो. त्यावर युनिव्हर्सल सोशल चार्ज (उत्पन्नावरचा आणखी एक कर) ३ टक्क्यांनी ४८० युरो आणि स्वयंरोजगाराच्या एस वर्गातील पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) सुमारे ६६० युरो. एकूण साडेसात हजारांच्या घरात. स्वयंरोजगारासाठी २,००० युरोंचे वेगळे क्रेडिट (करातून थेट वजा होणारी रक्कम) आहे असे तिला कोणी सांगेल; ते खरे आहे, पण नोकरीचे क्रेडिट आणि हे क्रेडिट मिळून कमाल मर्यादा २,००० युरोंचीच आहे, आणि तेवढे तिला पगारात आधीच मिळाले आहे. थोडक्यात, प्रत्येक बिलातील जवळजवळ निम्मी रक्कम आपली नव्हेच असे समजून ती वेगळ्या खात्यात टाकावी.

खरा दणका दुसऱ्या वर्षी बसतो. चालू वर्षाच्या कराचा आगाऊ हप्ता त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भरायचा असतो आणि तो चालू वर्षाच्या अंतिम कराच्या ९० टक्के किंवा आदल्या वर्षाच्या कराच्या १०० टक्के असावा लागतो. आदल्या वर्षी असा कर शून्य असल्याने पहिल्या वर्षी काहीच भरावे लागत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. मग ऑक्टोबर २०२६ मध्ये २०२५ चे साडेसात हजार आणि २०२६ चा आगाऊ कर म्हणून आणखी साडेसात हजार, असे पंधरा हजार युरो एकाच महिन्यात उभे करावे लागतात. तिकडे आपल्यासारखे जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार हप्ते नसतात.

दादरचा_लेखापाल यांचे उत्तर:

वरील उत्तर नेमके आहे. मी आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण मुलीचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे आणि चुकलेला अर्धा भाग महागात पडणारा आहे.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या, परंतु ज्याचे कायदेशीर मूळस्थान म्हणजे डोमिसाइल आयर्लंडचे नाही अशा व्यक्तीला परदेशातील उत्पन्नावर ते आयर्लंडमध्ये आणले तेवढ्यापुरताच कर लागतो. आपल्या मुलीचे डोमिसाइल बहुधा भारताचेच राहिले असेल. नुसत्या वास्तव्याने ते बदलत नाही, तेथेच कायमचे राहण्याचा निश्चय लागतो. म्हणून मुलुंडचे भाडे मुलुंडमध्येच खर्च होत असेल तर त्यावर तिकडे कर नाही, मात्र फॉर्म ११ मध्ये आपण या पद्धतीने कर भरत असल्याचे नमूद करावे लागते.

चित्रांच्या मानधनाचा प्रकार वेगळा आहे. ती चित्रे डब्लिनमध्ये, तिच्या टेबलावर बसून काढली जातात. व्यवसाय जेथे चालतो तेथले ते उत्पन्न. प्रकाशक मुंबईचा, बँक मुंबईची, चलन रुपया, यातील कशानेही ते परदेशी उत्पन्न होत नाही. डब्लिनच्या ग्राहकांच्या बिलांबरोबरच ते फॉर्म ११ मध्ये दाखवावे लागेल, मग त्यातला एक रुपयाही आयर्लंडला गेला नसला तरी. भाडे आणि मानधन एकाच खात्यात मिसळत असल्यामुळे उद्या ती त्या खात्यातून काही रक्कम डब्लिनला नेईल तेव्हा त्यात भाड्याचा भाग किती, हे सिद्ध करणे अवघड जाईल. दोन खाती करावीत.

खात्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो: अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते तसेच चालवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासींचे भारतातील उत्पन्न ठेवण्याचे खाते) करून घ्यावे लागते. बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला हे मी सांगावे याचा संकोच वाटतो, पण घरच्या खात्यांच्या बाबतीत सर्वांचेच असे होते. भाडेकरूने अनिवासी मालकाला भाडे देताना उपकरासह ३१.२ टक्के टीडीएस कापणे अपेक्षित आहे. ३० टक्के प्रमाणित वजावटीनंतर प्रत्यक्ष कर बराच कमी निघत असल्याने विवरणपत्र भरून परतावा मागता येतो.

प्रकाशन संस्था तिला निवासी समजून १० टक्के कापत असावी. अनिवासीला दिलेल्या रॉयल्टीवर भारतीय कायद्यातील दर २० टक्के आहे, आणि भारत व आयर्लंड यांच्यातील करारानुसार तो १० टक्क्यांवर येतो. मानधन रॉयल्टीच्या व्याख्येत बसत असेल तर आकडा योगायोगाने तोच राहील, पण तो ज्या आधारावर कापला जातो तो बदलावा लागेल. त्यासाठी आयर्लंडच्या महसूल खात्याकडून कर-निवासी असल्याचा दाखला घ्यावा आणि आपल्याकडे फॉर्म १०एफ (कराराचा लाभ घेण्यासाठी अनिवासीने द्यायची माहिती) भरावा. कराराप्रमाणे भारतात गेलेल्या कराचे क्रेडिट आयर्लंडमध्ये मिळते, म्हणून टीडीएसची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत.

पार्ल्याची_चित्रकार यांचे उत्तर:

दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहिली आहे. आयर्लंडने १९६९ मध्ये कलावंतांसाठी एक सूट सुरू केली आणि ती आजही चालू आहे: मौलिक आणि सर्जनशील ठरवलेल्या कृतींच्या उत्पन्नावर वर्षाला ५०,००० युरोंपर्यंत प्राप्तिकर नाही. युनिव्हर्सल सोशल चार्ज आणि पीआरएसआय मात्र द्यावेच लागतात. ही सूट आपोआप मिळत नाही. महसूल खात्याकडे कृतींसह अर्ज करावा लागतो आणि निर्णय त्यांचा असतो. पुस्तकातील चित्रांना ती मिळेलच असे धरून पैसे खर्च करू नयेत, पण अर्ज न करण्याचेही कारण नाही. वेबसाइटच्या कामाला ती लागू होण्याची आशा सोडावी.

मुलुंडचे_बाबा:

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. कार्डावर स्टॅम्प ४ आहे, हे मुलीने फोटो पाठवून कळवले. एनआरओचा फॉर्म उद्याच आणतो. एकच शंका: तिने या कामासाठी १,६०० युरोंचा लॅपटॉप घेतला आहे, तो पूर्ण वजा होईल का?

लिफीकाठचा_गिरगावकर:

एका वर्षात नाही, काका. अशा साधनांवर दरवर्षी १२.५ टक्के याप्रमाणे आठ वर्षे वजावट मिळते, म्हणजे वर्षाला २०० युरो, आणि तीही लॅपटॉप कामासाठी जितका वापरला जातो तितक्याच प्रमाणात. आपल्याकडच्या संगणकावरील ४० टक्के घसाऱ्याची सवय असलेल्यांना हे फारच किरकोळ वाटते. बिल सहा वर्षे सांभाळायला सांगा. आणि ती भाड्याच्या घरात राहत असेल तर २०२५ साठी १,००० युरोंपर्यंतचे भाड्याचे क्रेडिट मागितले आहे का, तेही विचारा. मागची राहिलेली वर्षेही चार वर्षांच्या आत मागता येतात, फक्त हे क्रेडिट २०२२ पासूनचेच आहे.