गेम बॉयवर फ्लॅश कार्ट अडली तर आधी एसडी कार्ड तपासा, पुसापुशी नंतर

पिक्सेलपंत (धागाकर्ता)

फ्लॅश कार्ट (एसडी कार्डावरचे गेम चालवणारी काडतूस) चालेना, की सल्ला ठरलेला: पिना पुसा. काढा, पुसा, घाला, पुन्हा काढा. माझं म्हणणं असं, की मूळ गेम बॉयवर (१९८९ चा डीएमजी) ही आंधळी कोशिंबीर खेळायची गरजच नाही. दोष कुठल्या बाजूला आहे ते यंत्र पहिल्या काही सेकंदांत सांगतं.

चालू केल्यावर वरून सरकत येणारा निन्टेन्डोचा लोगो कन्सोलच्या पोटातला नसतो, तो कार्टमधून येतो. कन्सोलमधला २५६ बाइटचा बूट रॉम (चालू होताच धावणारा छोटा प्रोग्राम) कार्टमधल्या हेक्स ०१०४ ते ०१३३ या पत्त्यांवरचे ४८ बाइट वाचतो, त्यांचंच चित्र काढतो आणि मग स्वतःजवळच्या प्रतीशी ताडतो. त्यानंतर ०१३४ ते ०१४सी या २५ बाइटचा चेकसम (पडताळणीची बेरीज) ०१४डी शी जुळतो का ते बघतो. कुठेही फरक आढळला तर तिथेच ठप्प.

त्यामुळे लोगोच्या जागी नुसती काळी पट्टी आली तर सगळे बाइट एफएफ (सगळे बिट १) वाचले गेले, म्हणजे कार्ट नीट बसलेलीच नाही. लोगोत ठराविक अंतरावर ठिपके गळालेले किंवा भरलेले असतील तर एखादी डेटा लाइन टेकत नाही. या दोन वेळी जरूर पुसा. पण लोगो स्वच्छ आला, 'टिंग' वाजलं आणि त्यानंतर कार्टचा मेनू (गेमची यादी) कुरकुरला, तर कार्डाकडे वळा.

कार्डाची क्षमता ३२ जीबी किंवा कमी हवी. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट होऊन येतात, आणि बहुतेक कार्टना फॅट३२ च कळतं (दोन्ही कार्डावर फायली मांडायच्या पद्धती). एसडी असोसिएशनचा फॉरमॅटरही ६४ जीबीला एक्सफॅटच देतो, त्याच्या भरवशावर राहू नका. नंतर एचटूटेस्टडब्ल्यू (लिनक्स-मॅकवर एफथ्री) लावून पूर्ण क्षमता लिहून-वाचून घ्या. ८ जीबीच्या चिपवर ३२ चा छाप मारलेली कार्डं बाजारात आहेत. त्यांवर आधी चढवलेले गेम चालतात आणि नंतरचे अर्धवट निघतात, मग बिल येतं कार्टच्या नावावर. शेवटी कार्ड रिकामं करून फक्त सिस्टिम फोल्डर आणि एकच गेम ठेवा. मेनू उघडला तर बाकीचे थोडेथोडे भरा. मॅकवरून कॉपी केली असेल तर डॉट-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली आधी उडवा. मेनूत त्या गेमसारख्या दिसतात आणि निवडल्या की कार्ट लटकते.

तांबेसोल्डर

असहमत. लोगोची गोष्ट खरी, निष्कर्ष अर्धा.

स्लॉटला ३२ पिना आहेत: १ वीज, २ क्लॉक, ३ राइट, ४ रीड, ५ चिप सिलेक्ट, ६ ते २१ पत्त्याच्या ए० ते ए१५, २२ ते २९ डेटा, ३० रिसेट, ३१ ऑडिओ, ३२ ग्राउंड. आता ०१०४ ते ०१४डी या पट्ट्यात किती पत्ता-पिना हलतात ते मोजा. ए० ते ए६, बस. ए८ तेवढा वेळ १ वरच असते आणि ए९ पासून वरच्या सगळ्या शून्यावर. ए१२ अधांतरी असेल आणि कार्टच्या बाजूने योगायोगाने शून्य वाचली जात असेल, तर लोगो झकास येईल आणि पुढे कोड भलत्याच जागी जाईल.

त्याहून मोठा मुद्दा पिन ३ चा. बूट रॉम कार्टवर काहीच लिहीत नाही, फक्त वाचतो. म्हणजे राइट पिन पूर्ण मेलेली असली तरी लोगो येतो, टिंग वाजतं, मेनूचं पहिलं चित्रही येऊ शकतं. मेनू हा गेम बॉयच्याच प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम आहे. एसडी वाचायचं म्हटलं की त्याला कार्टमधल्या चिपला हुकूम लिहून द्यावा लागतो. तो पोचलाच नाही तर पडद्यावर काय येणार? 'एसडी एरर'. तुमच्या पद्धतीने माणूस चार कार्डं विकत घेईल आणि दोष निघेल स्लॉटच्या एका पिनेत.

अवांतर: 'टेट्रिस चालतो, म्हणजे स्लॉट ठीक' हेही याच जातीचं. टेट्रिस ३२ केबीचा आहे, त्याला बँक (मोठ्या रॉमचा एका वेळी दिसणारा तुकडा) बदलावी लागत नाही; ते बदलायला कार्टला लिहावं लागतं. राइट पिनेशिवाय तो सुखाने चालतो.

पिक्सेलपंत

तांबे, पिन ३ चा मुद्दा मान्य. क्रम तरीही बदलत नाही. कार्ड तपासायला कन्सोल उघडावा लागत नाही, काही झिजत नाही, फुकटात होतं. स्लॉट साफ करताना दर वेळी ३२ स्प्रिंग-पिना घासल्या जातात. ज्याने कमी नुकसान ते आधी.

आणि तुमची शंका फिटवायला कन्सोल उघडायचीही गरज नाही. बँक बदलणारी मूळ काडतूस लावा. सुपर मारिओ लँड ६४ केबीची आहे, बँक बदलणाऱ्या एमबीसी१ चिपवर. ती पहिल्या पातळीच्या पुढे नीट चालली तर राइट पिन जिवंत आहे. मग कार्डच.

निकेलराव

दोघं भांडताय, आणि सेल कोणीच बघितले नाहीत.

मूळ काडतुसातला मास्क रॉम (कारखान्यात गेम छापून आलेली चिप) जेमतेम वीज खातो. फ्लॅश कार्टवर प्रोग्रामेबल चिप, रॅम आणि वर एसडी कार्ड. कार्ट ५ व्होल्टला ५० मिलीअँप जास्त घेते असं धरू, म्हणजे पाव वॉट. गेम बॉय कलर दोन एए सेलवर चालतो. रिचार्जेबल सेलचे २.४ व्होल्ट धरले आणि आतल्या व्होल्टेज बदलणाऱ्या डीसी-डीसी सर्किटची गळती २० टक्के, तर सेलवर १३० मिलीअँपचा जादा भार. डीएमजीला चार सेल आहेत म्हणून तो तग धरतो, कलर धरत नाही.

लक्षण ओळखायला सोपं आहे. मेनू उघडतो, गेम निवडला की लोड होताना यंत्र पुन्हा लोगोवर येतं, किंवा लाल दिवा क्षणभर मंदावतो. कार्ड खराब असेल तर यंत्र रिसेट होत नाही, नुसतं अडतं.

किराणा दुकानात घड्याळासाठी मिळतात ते झिंक-कार्बन सेल घालूच नका. त्यांचा अंतर्गत रोध जास्त, भार आला की व्होल्टेज कोसळतं. अल्कलाइन किंवा निकेल-मेटल हायड्राइड घ्या. १.२ व्होल्ट आकड्याने कमी दिसतात, पण भाराखाली टिकतात.

सेल नवे असूनही तेच होत असेल तर पॉवर स्विच. आतला संपर्क काळा पडतो. यंत्र चालू ठेवून मल्टिमीटर स्विचच्या दोन टोकांवर लावा. काही मिलीव्होल्ट दिसले तर ठीक, शंभरच्या वर गेले तर दोषी सापडला. २०० मिलीअँपला १ ओहम रोध म्हणजे ०.२ व्होल्ट तिथेच गडप. सेल काढा, स्विचच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा, वीस-तीसदा मागेपुढे करा, पूर्ण वाळू द्या. नंतर आयपीएस (उजळ एलसीडी) पडदा बसवलेल्या यंत्रांना हे दुप्पट लागू, तो पडदाही त्याच सेलवर जगतो.

नवाखेळाडू

इतकं कशाला? फर्मवेअर (कार्टच्या चिपमधला प्रोग्राम) अपडेट करा, निम्मे प्रश्न सुटतात.

तांबेसोल्डर

@नवाखेळाडू, हे मात्र अजिबात करू नका. जी कार्ट मधूनच रिसेट होते तिच्यावर फर्मवेअर चढवायला घेतलं आणि लिहिताना वीज गेली, तर कार्टचा दगड होतो. कार्डावरचा सिस्टिम फोल्डर बदलणं वेगळं, त्यात धोका नाही. चिपमधलं फर्मवेअर शेवटी, तेही नव्या सेलवर आणि एखादा विशिष्ट गेम चालत नसेल तरच. एव्हरड्राइव्हची (नावाजलेली फ्लॅश कार्ट) नक्कल असेल तर मूळ फर्मवेअरच्या वाटेलाही जाऊ नका, आतली चिप वेगळी असू शकते.

खोडरबर_समर्थक

पुसायचंच आहे तर शाळेचं पांढरं खोडरबर. रॅमच्या पट्ट्या सगळा महाराष्ट्र तसाच पुसतो.

निकेलराव

रॅमच्या पट्टीवर सहसा कठीण सोन्याचा जाड थर असतो, ०.७५ मायक्रॉनच्या आसपास. स्वस्त फ्लॅश कार्टवर बहुधा एनिग (निकेलवर सोन्याचा पातळ थर) मुलामा असतो, त्यात सोनं ०.०५ ते ०.१ मायक्रॉन. खोडरबर चारदा फिरवलं की खालचं निकेल उघडं, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत मग दर पावसाळ्यात तुम्ही पुन्हा खोडरबर घेऊन बसणार. ९९ टक्के आयसोप्रोपिल घ्या, लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत मिळतं. कापसाच्या काडीने कार्टच्या पट्ट्या उभ्या दिशेने पुसा. मग कार्ट किंचित ओली ठेवून, सेल काढलेल्या यंत्रात दहा वेळा घाला-काढा, म्हणजे स्लॉटही साफ होतो. साधं डब्ल्यूडी-४० नको, तेलाचा थर राहतो. फुंकरही नको, थुंकी उडते.

खोडरबर_समर्थक

हिरवट काजळी नुसत्या आयसोप्रोपिलने निघत नाही, करून बघा. जुन्या मूळ काडतुसाला खोडरबरच लागतं. फ्लॅश कार्टपुरतं तुमचं चालेल.

एसपी_प्रेमी

एवढ्या चर्चेपेक्षा तीच कार्ट गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपीत घाला. चालली तर कार्ट आणि कार्ड दोन्ही निर्दोष, दोष जुन्या यंत्रात.

पिक्सेलपंत

+१. हेच सगळ्यात झटपट.

तांबेसोल्डर

झटपट आहे, पण त्यातून कार्डाला पूर्ण क्लीन चिट मिळत नाही. एसपीत लिथियम-आयनची बॅटरी आहे. जादा वीज ओढणारं कार्ड तिथे बिनबोभाट चालेल आणि कलरवर परत रडेल. उलटा धोकाही आहे. अ‍ॅडव्हान्सच्या स्लॉटमध्ये एक छोटा स्विच असतो. जुन्या काडतुसाच्या आकाराने तो दाबला गेला की स्लॉटला ५ व्होल्ट, नाही तर ३.३. कवच तंतोतंत नसेल किंवा स्विच मळला असेल तर यंत्र कार्टला अ‍ॅडव्हान्सचीच समजेल, आणि तुम्ही चांगल्या कार्टला खराब ठरवाल.

मारिओ लँडवाली चाचणी मला जास्त पटते, फक्त तिच्यात एक भोक आहे. मूळ काडतुसाची पाटी आणि कवच वेगळं, त्यामुळे ती स्लॉटमध्ये वेगळ्या खोलीवर टेकू शकते. तिला पिन ३ टेकते म्हणून तुमच्या फ्लॅश कार्टलाही टेकत असेल असं नाही. शंका उरली तर वाय आकाराच्या स्क्रू ड्रायव्हरने यंत्र उघडा आणि सेल काढून, कार्ट आत बसवून मल्टिमीटर बझरवर (जोड असेल तर वाजतो) ठेवा. स्लॉटच्या दोन टोकांपैकी जी पिन बोर्डाच्या ग्राउंडशी वाजते ती ३२. दुसऱ्या टोकाकडून तिसरी म्हणजे राइट. एक टोक बोर्डावरच्या तिच्या टाक्यावर, दुसरं कार्टच्या त्याच पट्टीच्या वरच्या, उघड्या भागावर. बझर वाजत असताना कार्ट हलकेच डावी-उजवीकडे हलवा. आवाज तुटला तर कार्ड बदलून उपयोग नाही.

पिक्सेलपंत

त्यासाठी फ्लॅश कार्टचं कवचही काढावं लागेल, हे लिहायला हवं होतं. माझा क्रम तोच: कार्ड, सेल, मारिओ लँड, मग तुमचा बझर.