४३ इंची टीव्हीवर चेहरे चपटे, वरखाली काळ्या पट्ट्या: सेटिंग काय ठेवावी?

प्रश्न (दारव्हा तालुका): फ्री डिशचा साधा बॉक्स पिवळ्या-पांढऱ्या-लाल केबलनं जोडला आहे, सिनेमे पेनड्राइव्हवरून बघतो. बॉक्सवर जुना सिनेमा लावला की चेहरे रुंद दिसतात. काही चॅनेलवर चित्र चारी बाजूंनी काळ्या चौकटीत. पेनड्राइव्हच्या नव्या सिनेमांना वरखाली पट्ट्या. राजेहो, टीव्ही तर १६:९ (रुंदी १६ तर उंची ९) आहे, मग असं काऊन?

उत्तर (वणी): भाऊ, आधी बॉक्सच्या मेनूत आस्पेक्ट रेशो, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण, बघा. तिथं ४:३ एलबी (लेटरबॉक्स) असेल, तर बॉक्स रुंद चित्राला वरखाली पट्ट्या लावतो आणि टीव्ही पुन्हा डावी-उजवीकडे लावतो. चौकट त्यामुळेच येते. ४:३ पीएस (पॅन-स्कॅन) घेऊ नका, त्यात कडेची माणसं कापली जातात. बॉक्स आणि टीव्ही दोन्ही १६:९ करा. काही बॉक्स मग ४:३ चा कार्यक्रमही पडदाभर ताणतात आणि रुंदी एक तृतीयांशानं वाढते. तेवढ्यापुरतं टीव्हीच्या रिमोटवर ४:३ घ्या. खात्रीसाठी समोरून दिसणारं गोल घड्याळ किंवा अशोकचक्र टेपनं मोजा: उंची १५ सेंटिमीटर अन् रुंदी २० भरली तर चित्र ताणलेलं आहे.

उत्तर (मूल): पेनड्राइव्हच्या पट्ट्यांना हात लावू नका. असे सिनेमे बहुधा २.३९:१ चे असतात. तुमचा पडदा सुमारे ९५ बाय ५३.५ सेंटिमीटर, त्यात चित्राची उंची ४० भरते. वर-खाली जवळपास सात-सात सेंटिमीटर काळं राहणारच. झूम करून पट्ट्या घालवल्या तर रुंदीतलं पाव चित्र जातं, दोघं समोरासमोर बोलत असतील तर दोघांचेही चेहरे अर्धे होतात. आणि जुना कृष्णधवल सिनेमा म्हणजे ४:३ असं धरू नका. १९५९ चा ‘कागज के फूल’ सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चित्राचा, आहे.

प्रश्नकर्ता: बॉक्स १६:९ केला, चौकट गेली. पण एका चॅनेलवर अजून आहे.

उत्तर (वणी): तिथं पट्ट्या चॅनेलकडूनच चित्रात येत आहेत. तेवढ्या चॅनेलला टीव्हीचा झूम चालतो, कारण कापला जातो तो काळा भागच. तळाची बातमीपट्टी कापली गेली तर झूम काढा. पुढं एचडीएमआयचा बॉक्स घेतला, तर टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ चालू करा, नाहीतर कडा थोड्या कापल्या जातात. बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी असते, म्हणून त्या इनपुटवर जाऊनच बदला.