कोयरीच्या आकाराचं लेबल, कटलाइनच्या बाहेर ३ एमएम ब्लीड कसं द्यायचं? (कोरलड्रॉ)

लोणचंवाली_कोथरूड

नमस्कार मंडळी, आमचं घरगुती लोणच्याचं काम आहे, कैरी, लिंबू, मिरची वगैरे, आणि यंदा बरणीवर चौकोनी लेबल न लावता कोयरीच्या आकाराचं लावायचं ठरवलंय, साइज १०० बाय ६० एमएम. चित्र बहिणीने पोस्टर कलरमध्ये हाताने काढून दिलंय, हिरवा-पिवळा बॅकग्राउंड आणि अगदी कडेने बारीक सोनेरी रेघ. ते स्कॅन करून कोरलमध्ये घेतलं, भोवती कटलाइन (जिथे लेबल कापायचं ती रेघ) काढली आणि चित्र त्या कटलाइनमध्येच पॉवरक्लिप करून (म्हणजे आकाराच्या आत बसवून, बाहेरचं लपवून) पीडीएफ दिली. नारायण पेठेतले प्रेसवाले म्हणाले ब्लीड नाहीये, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर जादा रंग नाहीये. मग पेजच्या सेटिंगमध्ये ब्लीड ३ एमएम टाकून परत दिली तरी तेच म्हणतायत. आता एकजण सांगतोय की अख्खं चित्र १०६ टक्के मोठं करून मागे ठेव, झालं काम. हे बरोबर आहे का? आधी थोडीच लेबलं डिजिटलवर काढून प्लॉटरवर (ब्लेडने कापणारं मशीन) हाफ कट करायचीत, म्हणजे फक्त वरचा स्टिकर कापायचा, मागचा कागद नाही, खपली तर डाय (पात्यांचा कापायचा साचा) बनवू. कुणीतरी नीट सांगा प्लीज, बरण्या भरून तयार आहेत.

प्रीप्रेस_शनिवारपेठ

ताई, पेजचं ब्लीड म्हणजे पानाच्या चौकटीबाहेर जागा मोकळी ठेवणं फक्त, त्याला तुमची कोयरी कुठे आहे ते कळतच नाही. शिवाय चित्र तुम्ही कटलाइनवरच कापलंय, मग त्या जागेत छापायला काही उरलंच नाही ना. ब्लेड अर्धा-पाऊण एमएम इकडेतिकडे सरकतंच, शीट जरा तिरकी बसली तरी सरकतं, आणि मग कडेला पांढरी चीर दिसते. ती झाकायला रंग कटलाइनच्या बाहेर खरोखर गेलेला पाहिजे, आणि कोयरीच्या आकारानेच गेलेला पाहिजे.

१०६ टक्केवालं अजिबात करू नका. लांबीला १०० चे १०६ होतात म्हणजे दोन्हीकडे ३-३ मिळाले, पण उंचीला ६० चे ६३.६, म्हणजे वरखाली १.८ च. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोयरीचं टोक जिथे आत वळतं ती बाजू. चित्र मधून बाहेर फुगतं, त्यामुळे वळणाच्या आतल्या कडेला रंग कटलाइनच्या बाहेर जायच्या ऐवजी उलट आत सरकतो. तिथे पांढरं दिसणारच. वर सोनेरी रेघ पण जागेवरून हलली.

असं करा. पॉवरक्लिपमधून चित्र बाहेर काढा. कटलाइन सिलेक्ट करून कंट्रोल एफ९, कॉन्टूर उघडेल, त्यात आउटसाइड, स्टेप १, ऑफसेट ३ एमएम, कॉर्नर राउंड, अप्लाय. मग कंट्रोल के करून ब्रेक अपार्ट. आता दोन आकार झाले, आतली कटलाइन आणि बाहेरची ब्लीडची. चित्र या बाहेरच्या आकारात पॉवरक्लिप करा, त्याची आउटलाइन काढून टाका. पॉवरक्लिपचं ऑटो सेंटर चालू असेल तर चित्र सरकतं, ते आधी बंद करा. कटलाइन वर वेगळ्या लेयरवर, हेअरलाइन (सगळ्यात बारीक रेघ), फिल नाही, आणि राइट क्लिक करून ओव्हरप्रिंट आउटलाइन, म्हणजे तिच्याखालचा रंग कापला जात नाही. तिला स्पॉट कलर (वेगळं नाव दिलेला रंग, मशीन त्यावरून रेघ ओळखतं) द्या, नाव काय द्यायचं ते प्रेसलाच विचारा. रोलंडचं मशीन असेल तर बहुतेक CutContour सांगतील, दोन्ही सी कॅपिटल, मधे स्पेस नाही. नाव चुकलं की मशीन ती रेघ कापायच्या ऐवजी छापून मोकळं होतं.

डायमेकर_बाबा

वरचं सगळं बरोबर, पण मला त्या सोनेरी रेघेची जास्त काळजी वाटतेय. ब्लीड कितीही दिलं तरी कडेला चिकटलेली बारीक रेघ कटिंगला मार खातेच. १ एमएमची रेघ असेल आणि कटिंग अर्धा एमएम सरकलं तर एका बाजूला अर्धी उरते, समोरच्या बाजूला दीडपट दिसते, डोळ्याला लगेच टोचतं. ती निदान ३ एमएम आत घ्या, नाहीतर काढूनच टाका. नाव, वजन, तारीख ही अक्षरंसुद्धा तेवढीच आत.

दुसरं, टोक टोकदार ठेवू नका. बरणी गोल असते, अणकुचीदार टोक तिथून पहिल्यांदा उचलतं आणि मग धूळ धरतं. दीड-दोन एमएमची गोलाई द्या, कोयरी कोयरीच दिसते. डाय बनवतानासुद्धा पाती अशा टोकाला जुळवायचा त्रास वाचतो. कटलाइन ट्रेस करून काढली असेल तर नोड्स (रेघेवरचे बिंदू) बघा, ढीगभर असतील तर शेप टूलने कमी करा, नाहीतर प्लॉटरचं ब्लेड अडखळत जातं आणि कड खरखरीत येते.

लोणचंवाली_कोथरूड

दोघांचे मनापासून आभार, कॉन्टूर जमलं एकदम. रेघ आत घेतेय, टोक गोल केलं. पण आता कळलं की स्कॅनमध्ये चित्र जिथे संपतं तिथेच माझी कटलाइन आहे, बाहेर पांढरा कागद. मग ३ एमएममध्ये भरू काय?

प्रीप्रेस_शनिवारपेठ

आधी मूळ कागद बघा, ब्रशचे फटकारे बरेचदा कडेबाहेर गेलेले असतात आणि स्कॅन करताना क्रॉप होतात. तसे असतील तर परत स्कॅन, ३०० डीपीआयला आणि मोकळी जागा सोडून. नसतील तर बहिणीलाच कडेने अजून थोडा रंग पुढे ओढायला सांगा, हाताच्या कामाला तेच शोभतं. ती नसेल तर फोटोशॉपमध्ये कडेची पट्टी सिलेक्ट करून कंटेंट अवेअर फिल, नाहीतर क्लोन स्टॅम्पने तोच पोत बाहेर न्या. हिरवट प्लेन रंग भरू नका, ब्लेड सरकलं की हाताच्या रंगाला लागून सपाट पट्टी दिसते.

शीटवर लावताना दोन कटलाइनमध्ये ६ एमएम ठेवा म्हणजे एकाचं ब्लीड दुसऱ्यावर चढत नाही. आणि एक कोयरी सुलटी एक उलटी लावा, बाक एकमेकांत बसतो, १२ बाय १८ इंचाच्या शीटवर बरीच जागा वाचते.

डायमेकर_बाबा

कागदाचं पण बघा ताई. लोणच्याच्या बरणीला तेलाचे हात लागणार, साधा क्रोमो (गुळगुळीत कागदाचा) स्टिकर कापलेल्या कडेने तेल पितो आणि डाग आत चढत जातो, वरून लॅमिनेशन केलं तरी कड उघडीच राहते. पीपी किंवा व्हिनाइल (प्लास्टिकचे स्टिकर) घ्या, जरा महाग पडेल. पूर्ण लॉट काढायच्या आधी एकच शीट कापून घ्या, एक लेबल भरलेल्या बरणीवर चिकटवा, तेलाचा हात फिरवा आणि आठवडाभर ओट्यावर ठेवा.

लोणचंवाली_कोथरूड

बहिणीकडे मूळ चित्र आहे आणि खालच्या बाजूला रंग बाहेर गेलेला आहे, वरच्या बाजूला ती उद्या भरून देतेय. पीपीचा रेट विचारते आणि एक शीट काढून बरणीवर लावून बघते, फोटो टाकीन इथेच.