बोलताना पाय थांबतात का? घरातले अनुभव लिहा

घरातलं वडीलधारं माणूस चालत असताना काही विचारलं, तर थांबून उत्तर देतं का? असं थांबणारे वृद्ध पुढे जास्त पडतात, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्येच नोंदवलंय. पुढे २०१७ मध्ये कॅनडात सौम्य विस्मरण असलेल्या ११२ ज्येष्ठांचा अभ्यास आला. उलटे आकडे मोजत किंवा प्राण्यांची नावं घेत चालताना ज्यांचा वेग २० टक्क्यांहून जास्त घटला, त्यांना डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका दोन ते चार पट आढळला. इथे निदान नको, पाहिलेलं लिहा.

*

सासऱ्यांचं. विसरणं नंतर आलं, थबकणं आधी. खिशात फोन वाजला की जागेवर उभे. जिन्यात कुणी बोललेलं खपायचं नाही. वय झालं, असंच सगळे धरून चाललो होतो. मग बँकेचे हिशेब चुकायला लागले तेव्हा दाखवलं. डॉक्टरांनी चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. वजाबाकी बरोबर, पण पाय खिळलेले! वर डॉक्टरांनाच ऐकवलं, "एक तर चालू द्या, नाहीतर गणित घाला." सौम्य विस्मरण निघालं. आता घरात नियम आहे: जिन्यात त्यांना हाक मारायची नाही.

*

आईचं कारण गुडघे होते. शस्त्रक्रियेनंतर आमच्यापुढे चालते, तोंड अखंड सुरू.

*

मी फिजिओथेरपिस्ट. चालण्याच्या वेगाची तुलना शेजाऱ्याशी नाही, त्याच माणसाच्या साध्या चालीशी करतात. दहा मीटर एरवी आठ सेकंदांत आणि आकडे मोजत अकरा सेकंदांत, म्हणजे वेग साधारण २७ टक्के घटला. चाल आणि आकडेमोड दोन्हींना मेंदूच्या पुढच्या भागाचं लक्ष लागतं, तिथे ओढाताण होते. पण नजर, पायांच्या नसा, पार्किन्सन, झोपेच्या गोळ्या यांनीही चाल मंदावते. घरी परीक्षा घेऊ नका, एखादे पडतील.

*

पन्नाशी ओलांडलीय. मेसेज टाइप करताना मीही गोगलगाय होतो. घाबरू का?

*

वरच्यांना: टाइप करताना नजरच रस्त्यावर नसते, तरुणही मंदावतात. आधी जमायचं ते हल्ली जमेनासं झालं, तर दाखवा.

*

आत्या थांबायची ती आमचे ओठ बघायला! ऐकूच येत नव्हतं. यंत्र बसवल्यावर थांबणं बरंच कमी झालं. तुमच्याकडे कोणी कान तपासलेत का?