कुर्दिशमधला एज ऑफ एम्पायर्स २

इंग्रजी येतंच की सगळ्यांना, मग एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटर गेमचं कुर्दिश, म्हणजे कुर्द लोकांच्या भाषेत, भाषांतर कशाला, असं काहीजण विचारतात म्हणून लिहितोय. १९९९ च्या या गेममध्ये सलादीनची, म्हणजे बाराव्या शतकातल्या प्रसिद्ध सुलतानाची, अख्खी मोहीम आहे आणि सलादीन स्वतः कुर्द, इराकमधल्या तिक्रितला जन्मलेला, पण गेममध्ये त्याचे गावकरी बोलतात अरबी! मग कुर्द पोरांना हा गेम आपल्या भाषेत हवासा वाटणारच ना. आणि काम सोपं नाहीये हां, कुर्दिशच्या दोन मुख्य बोलींपैकी कुर्मांजी लॅटिन लिपीत लिहितात त्यामुळे तिची सगळी अक्षरं तुर्की कोडपेजमध्ये (जुन्या कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या तक्त्यामध्ये) बसतात, पण दुसरी बोली सोरानी, तिची लिपी अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडे, तिथे जुन्या गेममध्ये अक्षरं सुटी सुटी नि उलट्या क्रमाने दिसायची भीती. आपल्या जोडाक्षरांचे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कसे तुकडे व्हायचे आठवतंय ना, अगदी तसंच.