मदत हवी आहे: ग्रँड ज्युरीचं कारण सांगून कागद नाकारले

नमस्कार मंडळी, कॅलिफोर्नियात कुणी वकील किंवा स्थानिक कारभाराचे जाणकार असतील तर कृपया वाचा.

आमच्या गल्लीतला रस्ता दोन वर्षांत तीनदा उकरला. ठेकेदाराची बिलं आणि ईमेल मी पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली (सरकारी कागद मागण्याचा इथला कायदा) शहराकडे मागितले. दहाव्या दिवशी चार ओळींचं उत्तर आलं: 'हा विषय सिव्हिल ग्रँड ज्युरीपुढे आहे, म्हणून गोपनीय.' कुठल्या कलमाखाली, ते लिहिलेलंच नाही.

इथे प्रत्येक काउंटीत (जिल्ह्यात) स्थानिक कारभाराची चौकशी करणारी अशी ज्युरी असते, बहुतेक ठिकाणी १९ नागरिकांची. साक्ष, आतली चर्चा, मतदान गुप्त राहतं, ते मला पूर्ण पटतं. नाहीतर पालिकेतला कारकून साहेबाविरुद्ध तोंड उघडेल कसा? पण मी साक्ष मागितलेलीच नाही. बिलं तर चौकशीच्या कितीतरी आधीची, रोजच्या कामातली. ज्युरीने तेच कागद मागवले, एवढ्यावरून ते जनतेसाठी बंद होतात का?

ज्युरीचा अहवाल आल्यावर नगर परिषदेला ९० दिवसांत जाहीर उत्तर द्यावं लागतं, हे माहीत आहे. पण तोवर रस्त्याचं पुढचं टेंडर निघून जाईल.

आता नकाराचं कलम लेखी मागू, की 'ज्युरीचा पत्रव्यवहार वगळून फक्त मूळ बिलं द्या' असा नवा अर्ज करू? कोर्टात जायचं झालं तर कागद गोपनीय असल्याचं सिद्ध करणं शहराचंच काम ना? कुणी असा अर्ज लढवला असेल तर मजकूर कसा लिहिला, ते जरूर सांगा.