सह्या चारशे, मतं आठशे एक

बाजारपेठेतली दारूची दुकानं मतदानाने बंद करायचा ठराव क्लबच्या सभेत झाला, हे चांगलंच. पण 'सह्या जमल्या की काम फत्ते' हे गणित कोकणात फसतं. 2008 च्या शासन आदेशानुसार अर्जाला प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, आणि आडव्या बाटलीला, म्हणजे मतपत्रिकेवरच्या 'दुकान बंद करा' या चिन्हाला, 50 टक्क्यांहून जास्त मतं. हे टक्के झालेल्या मतदानाचे नव्हेत, यादीतल्या एकूण नावांचे. समजा, यादीत 1600 बायका आहेत. सह्या 400, मतं 801. त्यातल्या 450 मुंबईला असतील, तर उरलेल्या 1150 मधून 801 काढायच्या! घरी बसलेलं मत उभ्या बाटलीलाच, म्हणजे दुकान चालू ठेवण्यालाच, जातं म्हणा ना. म्हणून आधी यादी घेऊन घरोघर फिरा, मगच अर्ज. सही करणारीचा यादीतला अनुक्रमांक शेजारी लिहून घ्या. माहेरच्या नावाने केलेली सही पडताळणीत उडते. शंभरेक सह्या जादा असू द्या.

आणि मतदानाने फक्त परवान्याची दुकानं बंद होतात. मच्छीमार्केटमागची गावठी आणि पिशवीतून येणारी गोवा बनावटीची दारू हा दारूबंदी कायद्याच्या कलम 65 चा, म्हणजे बेकायदा दारूच्या गुन्ह्याचा, मामला. त्यासाठी उत्पादन शुल्क खात्याकडे वेगळी लेखी तक्रार द्या, पोच घ्या.